पोहणाऱ्या पोलादाचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गणिताचे शिक्षक होते, असे अध्यक्षांनी आत्ताच सांगितले. बरे झाले. माझ्या विषयात शौर्यकथा थोड्या आणि बेरीज-वजाबाकी फार आहे. विषय असा: चाकांवर धावणारी, पाण्यात पोहणारी आणि पोटात जवान घेऊन जाणारी चिलखती गाडी. ती काय काय करू शकते? आणि ते जमावे म्हणून तिला काय काय सोडावे लागते?

हा विषय नगरात मांडायचा म्हणजे धाडसच. रणगाड्यांचे संग्रहालय तुमच्याकडे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र तुमच्याकडे, व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था तुमच्याकडे. के. के. रेंजवरचा गोळीबार ऐकतच इथली पोरे मोठी होतात. समोर बसलेल्यांपैकी काहींची उमेदीची वर्षे अशा गाडीच्या पोटात गेली असतील. त्यांनी माझी प्राथमिक माहिती गोड मानून घ्यावी. बाकीच्यांसाठी मी अगदी पहिल्यापासून सुरुवात करतो.

उदाहरण म्हणून एकच गाडी घेतो. सोव्हिएत बनावटीची बीटीआर-८०. आठ चाके, आठही चाकांना इंजिनाची ताकद. लांबी सुमारे साडेसात मीटर, रुंदी २.९ मीटर. वजन १३.६ टन. मागच्या बाजूला २६० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, पाण्यात ताशी नऊ-दहा. एकदा टाकी भरली की सुमारे ६०० किलोमीटर. चालक, गाडीप्रमुख आणि तोफची असे तिघे, शिवाय सात जवान. वर छोट्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, १४.५ मिलिमीटरची जड मशीनगन आणि तिच्या जोडीला ७.६२ ची हलकी. आकडे संपले, आता त्यांच्याशी थोडे भांडू.

१३.६ टन पोलाद पाण्यावर तरंगते कसे? आर्किमिडीज आपण सगळेच शाळेत शिकलो आणि शाळेतच विसरलो. गाडीने आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारले की ती तरंगते. म्हणजे हिला १३.६ घनमीटर पाणी हलवायचे आहे. पाण्याच्या पातळीवर तिचा छेद ढोबळमानाने सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद धरा. साडेसतरा चौरस मीटर झाले. याचा अर्थ असा की गाडीवर एक टन ओझे वाढवले की ती पाण्यात आणखी साडेपाच-सहा सेंटिमीटर उतरते.

आता या गणिताचे पुढचे पाऊल. हिच्या बाजूचा पत्रा दहा मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे. साधी रायफलची गोळी आणि तोफगोळ्याच्या ठिकऱ्या तो अडवतो. जड मशीनगनपुढे त्याचे काही चालत नाही. मग कोणीतरी म्हणणारच, दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटरचा आणखी एक थर लावा की! दहा मिलिमीटर जाडीचे एक चौरस मीटर पोलाद ७८ किलो भरते. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सतरा-अठरा चौरस मीटर धरले तर झाले सुमारे १,३०० किलो. गाडी सात-आठ सेंटिमीटर खाली गेली. पुढच्या बाजूला लावा, टरेट जाड करा, पोटाखाली सुरुंगासाठी जाड तळ द्या. पाणी वर वर येत राहते. काठ आणि पाणी यांच्यातले अंतर संपले की गाडी रणगाड्याइतकी मजबूत होते आणि रणगाड्यासारखीच बुडते.

म्हणून मी म्हणतो, पोहणे ही गाडीला फुकट मिळालेली कला नाही. तिची किंमत आत बसलेल्या माणसाच्या अंगावरच्या पोलादातून कापून घेतलेली असते. आज जे काही सांगणार आहे ते या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे.

मग एवढी किंमत मोजून ही क्षमता मागितली कोणी आणि कशासाठी? सोव्हिएत सेनापतींनी. दुसऱ्या महायुद्धात पूर्व युरोपातल्या नद्यांच्या काठावर त्यांनी अमाप माणसे गमावली होती. त्या सपाट प्रदेशात काही किलोमीटर गेले की एखादी नदी, ओढा नाहीतर कालवा आडवा येतोच. पुढच्या युद्धात पूल उडवलेलेच असणार हे गृहीत होते. पुलाची वाट पाहत थांबलेली फौज म्हणजे शत्रूच्या तोफांना दिलेले आमंत्रण. तेव्हा पायदळाची गाडी पोहली पाहिजे, टेहळणीची गाडी पोहली पाहिजे, हलका रणगाडासुद्धा पोहला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहातून १९५९ मध्ये बीटीआर-६० सैन्यात दाखल झाली.

तिची पहिली आवृत्ती मोठी गमतीदार होती. डोक्यावर छप्परच नव्हते! छप्पर नंतर आले, टरेट त्याच्याही नंतर. पुरेशा ताकदीचे एक इंजिन हाताशी नव्हते म्हणून ट्रकची दोन पेट्रोल इंजिने शेजारी शेजारी बसवली, प्रत्येकी ९० अश्वशक्तीची, आणि एकेकाला दोन-दोन आस वाटून दिले. एक बंद पडले तरी दुसरे गाडी रेटत नेई, हा फायदा. तोटा असा की दोन इंजिने, दोन क्लच, दोन गिअरबॉक्स. दुरुस्ती करणाऱ्याचे काम दुप्पट. वर पेट्रोल. चिलखती गाडीत पेट्रोल म्हणजे काय, हे ज्याने ती पेटताना पाहिली आहे त्याला विचारा.

त्याच काळात चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड या सोव्हिएत गोटातल्याच दोन देशांनी मिळून आपली वेगळी गाडी काढली, स्कॉट. तीही आठ चाकांची, तीही पोहणारी. पण इंजिन एकच, टाट्राचे हवेने थंड होणारे डिझेल. आणि मुख्य म्हणजे जवानांसाठी मागे दरवाजे. पाण्यात ढकलायला मागे दोन पंखे. माझ्या मते ही बीटीआर-६० पेक्षा शहाणी गाडी होती. आपल्या सैन्याने स्कॉटही वापरली आणि बीटीआर-६० सुद्धा. इथल्या जुन्या मंडळींना स्कॉट आणि तिचे पट्ट्यांवर चालणारे भावंड टोपाझ ही नावे आठवत असतील.

आता नदीकाठी जाऊ. गाडी पाण्यात घालायची म्हणजे नक्की काय करायचे?

आधी खाली वाकून तळातली पाणी सोडायची बुचे घट्ट बसली आहेत का ते पाहायचे. एक बूच विसरले तर पुढचे सगळे व्याख्यान व्यर्थ. मग दारांचे आणि झाकणांचे रबरी गास्केट तपासायचे. त्यात चिखलाचा खडा अडकला तरी पाणी वाट काढते. आत शिरलेले पाणी बाहेर फेकणारा पंप चालवून बघायचा. नाकावर घडी घालून ठेवलेली फळी उभी करायची. ही फळी नसेल तर पुढे उठणारी लाट नाकावर चढते आणि गाडी तोंड खाली घालते. फळी उभी केली की चालकाला समोरचे कमी दिसते, म्हणून गाडीप्रमुख झाकणातून डोके बाहेर काढून त्याला दिशा सांगतो. सरावाच्या वेळी बाकीचे जवान जीवरक्षक जाकिटे घालून वर येऊन बसतात. का, ते विचारू नका. आत बसून पाहिले की कळते.

मग उतारावरून हळू पाण्यात. चाके टेकायची थांबली की मागचे वॉटर जेट काम करू लागते. तळातून पाणी ओढायचे आणि मागे जोरात फेकायचे, एवढीच त्याची करामत. त्या झोताची दिशा बदलली की गाडी वळते, झोत अडवून पुढे वळवला की मागे सरकते. पुढची चार चाकेही वळवलेली असतात, ती सुकाणूला थोडा हातभार लावतात.

पुन्हा गणित. नदी २०० मीटर रुंद. गाडीचा वेग ताशी नऊ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. नाक सरळ समोर धरले तर पार व्हायला ८० सेकंद लागणार. पण नदी थांबलेली नाही. प्रवाह सेकंदाला दीड मीटर असेल तर तेवढ्या वेळात गाडी १२० मीटर खाली वाहत गेली! म्हणजे चढायचा काठ समोर शोधायचाच नाही. तो खाली शोधायचा, आणि तोही आधी कोणीतरी पायी किंवा पोहत जाऊन पाहून आलेला पाहिजे.

आणि इथेच खरी परीक्षा आहे. नदी पोहून जाणे त्या मानाने सोपे. अवघड आहे ते पलीकडे चढणे. त्या क्षणी गाडी अर्धी तरंगत असते, अर्धी टेकलेली. पुढच्या चाकांना गाळ लागलेला, मागची अजून अधांतरी. चाकांवर पुरेसे वजन नाही, म्हणून पकड नाही. जेट लवकर बंद केले तर गाडी मागे सरकते. चाके जोरात फिरवली तर ती स्वतःसाठीच खड्डा खणतात. चांगला चालक इथे टायरांतली हवा कमी करतो. हो, बसल्या जागेवरून, चालत्या गाडीत! टायर पसरतो, गाळावर त्याचा ठसा मोठा होतो, आणि जेट मागून रेटत असताना गाडी इंच इंच वर येते. एक वर आली की दोर टाकून दुसरीला ओढायला ती मोकळी.

काठ उभा असेल तर? पंजाबातल्या काँक्रीटने बांधलेल्या कालव्यांसमोर हाच प्रश्न आहे. १९६५ मध्ये लाहोरजवळच्या इच्छोगिल कालव्याने आपल्या फौजेला जो अडथळा केला, तो काही पाण्याच्या रुंदीमुळे नव्हता. उभ्या काँक्रीटच्या काठावर कोणतीही पोहणारी गाडी स्वतःहून चढत नाही. आधी सॅपर्सना, म्हणजे लष्करी अभियंत्यांना, काठ फोडून उतार करून द्यावा लागतो.

रुंद नदीची अडचण निराळी. १९७१ च्या डिसेंबरात मेघना ओलांडताना आपले पीटी-७६ हे पोहणारे हलके रणगाडे वापरले गेले. ते पट्ट्यांवर चालणारे, म्हणजे आजच्या विषयाचे चुलतभाऊ. पोहणे त्यांच्या रक्तातच होते, पण मेघनेचे पात्र केवढे! एवढा वेळ पाण्यात जोर लावून इंजिने तापू लागली आणि स्थानिक होड्यांची मदत घ्यावी लागली. माहितीपत्रकात ‘पोहते’ असे छापलेले असते. किती वेळ पोहते, हे मात्र आपण विचारायचे असते.

इथे एक मुद्दा झटकन सांगून टाकतो. पाणी आत येऊ नये म्हणून जी गाडी सगळीकडून बंद केली, तिच्यात विषारी वायू आणि किरणोत्सारी धूळही सहजी शिरत नाही. आतली हवा गाळून थोड्या जास्त दाबाने भरली की झाले. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तिथे या घराण्यातल्या गाड्या फिरल्या त्या याच गुणामुळे.

आता अफगाणिस्तान. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा तिथे शिरल्या. नद्यांच्या युरोपासाठी घडवलेल्या गाड्या डोंगरांच्या देशात आल्या. काय झाले? विरळ हवेत पेट्रोल इंजिनांचा जोर ओसरला. टरेटमधली मशीनगन जेमतेम तीस अंशांपर्यंत वर उचलता येई, आणि गोळीबार करणारा बसलेला डोंगरमाथ्यावर. आणि दार! बीटीआर-६० मधून उतरायचे म्हणजे बहुतेक वेळा छतावरच्या झाकणांतून, सगळ्या डोंगराला दिसेल असे उभे राहून. नंतरच्या बीटीआर-७० ला चाकांच्या मधे दार दिले, पण ते इतके खाली आणि लहान की पाठीवर सामान घेतलेल्या माणसाला रांगत बाहेर यावे लागे. मागे इंजिन बसवल्यामुळे मागचे दार शक्यच नव्हते, आणि इंजिन मागे का होते? पाण्यात तोल सांभाळायला आणि जेट चालवायला ती जागा सोयीची होती, हे एक कारण. पोहण्याची किंमत पोलादातून कापली जाते असे मी मघाशी म्हणालो. ती दारातूनही कापली जाते.

जवानांनी यावर आपला उपाय काढला. ते आत बसेनासेच झाले. त्या युद्धातली छायाचित्रे पाहा. जवान गाडीच्या पाठीवर बसलेले दिसतात. खाली सुरुंग फुटला तर आतला माणूस मरतो, वरचा फेकला जातो आणि वाचण्याची थोडी तरी आशा राहते, असा त्यांचा हिशेब. म्हणजे चिलखती गाडीत चिलखताच्या बाहेर बसणे सुरक्षित! असे आक्रीत घडले की समजावे, आराखडा करणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने वेगवेगळी युद्धे डोळ्यांसमोर ठेवली होती.

बीटीआर-८० मध्ये हे धडे दिसतात. पेट्रोलची दोन इंजिने गेली, एक डिझेल आले. बंदूक साठ अंशांपर्यंत उचलता येऊ लागली. दार मोठे झाले आणि दोन फळ्यांचे झाले. खालची फळी पडून पायरी होते, वरची पुढच्या बाजूला उघडून आडोसा देते. गाडी चालत असतानाही एक एक जवान उडी मारू शकतो.

आणि १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटच्या सोव्हिएत तुकड्या अमूदर्या ओलांडून मायदेशी परतल्या. जनरल बोरिस ग्रोमोव्ह शेवटच्या गाडीमागून चालत आले. कुठून? तेरमेझच्या पुलावरून. पोहणाऱ्या गाड्यांची अख्खी रांग निमूटपणे पुलावरून घरी गेली! पूल शाबूत असेल तर पोहायचा उपद्व्याप कोणीच करत नाही.

चाकांविषयी मी अजून काहीच बोललो नाही. खरे तर माझ्या लेखी या गाडीचा सर्वांत मोठा गुण पोहणे नाहीच. चाके हाच आहे. पट्ट्यांची गाडी लांबच्या प्रवासाला ट्रेलरवर नाहीतर रेल्वेवर चढवावी लागते. चाकांची गाडी स्वतःच्या पायांनी जाते, कमी आवाज करते, रस्ता उखडत नाही आणि एक-दोन टायर फाटले तरी चालत राहते. जून १९९९ मध्ये बोस्नियात शांतिसेनेत असलेल्या सुमारे २०० रशियन सैनिकांनी बीटीआर-८० घेऊन सर्बियामार्गे मजल मारली आणि नाटोच्या फौजा पोहोचण्याआधी कोसोव्होतला प्रिस्टिनाचा विमानतळ गाठला. सारे जग हबकले. ब्रिटिश सेनानी माइक जॅक्सन यांनी संघर्ष टाळला म्हणून प्रकरण निभावले. तिथे एकही नदी पोहावी लागली नाही. जे जिंकले ते रस्त्यावरच्या वेगाने.

चाकांचा शत्रू चिखल. युक्रेनच्या काळ्या मातीत पट्ट्यांच्या गाड्याही रुततात, चाकांच्या तर आधी. ज्यांनी पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला आहे त्यांना मी काय सांगायचे?

युक्रेनचा विषय निघालाच आहे तर मे २०२२ मधली बिलोहोरिव्काची गोष्ट सांगतो. सिव्हर्स्की दोनेत्स नदीवर रशियन फौजेने तरंगता पूल टाकायचा प्रयत्न केला. युक्रेनच्या तोफखान्याने पूल उडवला आणि दोन्ही काठांवर अडकलेल्या डझनावारी चिलखती गाड्या टिपल्या. तुम्ही विचाराल, रशियाकडे तर पोहणाऱ्या गाड्यांची रेलचेल, मग पूल हवा कशाला? कारण रणगाडा पोहत नाही. डिझेलचा टँकर पोहत नाही. दारूगोळ्याचा ट्रक, जखमींची गाडी, यातले काहीही पोहत नाही. पोहणारी गाडी पलीकडे पहिली पोहोचते, काठावर पाय रोवते. पण मागून पूल आला नाही तर ती तिथे एकटी, पातळ पत्र्याची आणि भुकेली उभी राहते. या गाडीचे पोहणे म्हणजे पहिल्या काही तासांची उसनवारी आहे.

म्हणूनच अनेक देशांनी पोहणे सोडून दिले. अमेरिकेची स्ट्रायकर पोहत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्सची बॉक्सर तर चांगलीच जड. ती पाण्याचा विचारही करत नाही. सर्वांत बोलके उदाहरण पोलंडचे. त्यांनी फिनलंडच्या पात्रिया गाडीवरून रोसोमाक घेतली, पोहणारी. ती अफगाणिस्तानात पाठवायची वेळ आली तेव्हा अंगावर जादा चिलखत चढवले आणि पोहणे काढून टाकले. जवान परत आणायचे की गाडी पोहवायची, असा सरळ सवाल होता आणि त्यांनी सरळ उत्तर दिले. पण तोच पोलंड आपल्या घरच्या युद्धासाठी पट्ट्यांवरची नवी बोर्सुक गाडी करताना पुन्हा ‘पोहली पाहिजे’ म्हणतो. नद्या त्यांच्या घरात आहेत ना.

समुद्राचे प्रकरण वेगळेच. नदीत तरंगणारी गाडी लाटांत टिकेलच असे नाही. जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सराव करताना अमेरिकी मरीन दलाची एक जुनी पट्ट्यांची उभयचर गाडी बुडाली आणि नऊ जण गेले. तिच्या जागी आठ चाकांची नवी एसीव्ही आली; तिनेही किनाऱ्यावरच्या फुटत्या लाटांत मार खाल्ला आणि काही काळ तसा सराव थांबवावा लागला.

आता आपल्या अंगणात येतो. व्हीआरडीई आणि टाटा यांनी मिळून आठ चाकांची व्हॅप ही गाडी घडवली. २०१४ च्या डिफेक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात ती केस्ट्रेल या नावाने लोकांसमोर आली. ६०० अश्वशक्तीचे इंजिन पुढे, म्हणून मागे चांगले रुंद दार. पाण्यासाठी मागे दोन जेट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. वजन वीस टनांच्या पुढे, म्हणजे तरंगण्यासाठी बीटीआरपेक्षा कितीतरी जास्त पाणी बाजूला सारावे लागणार. म्हणूनच ती एवढी मोठी आणि उंच आहे. तिच्याच घराण्यातली आयपीएमव्ही ही पायदळाची चिलखती गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात, लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते सैन्यात दाखल झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोतल्या बेरेशिदला टाटांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तिथे मोरोक्कोच्या सैन्यासाठी व्हॅप बनते. नगरला जन्मलेली गाडी उत्तर आफ्रिकेत तयार होते, याचा नगरकरांना अभिमान वाटला तर तो रास्तच आहे.

पण मोरोक्कोला तिचे पोहणे कितीसे लागणार? लडाखमध्ये कितीसे लागणार? तिथे विरळ हवेतले इंजिन आणि तळाखालचे सुरुंगाविरुद्धचे पोलाद जास्त मोलाचे. पंजाबात, ईशान्येत मात्र पोहणे लागेल. म्हणून एकाच गाडीची एक पोहणारी आणि एक न पोहणारी आवृत्ती घ्यावी, असे माझे मत आहे. प्रत्येक निविदेत सवयीने ‘उभयचर असावी’ असे लिहिणाऱ्यांनी आधी त्या तुकडीच्या नकाशावरच्या नद्या मोजाव्यात.

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारले, २०१९ च्या पुरात सांगलीला अशा गाड्या का नाही पाठवल्या? पाठवून उपयोग फारसा झाला नसता. सात-आठ माणसे नेणारी, ताशी नऊ किलोमीटर चालणारी, अरुंद गल्लीत वळता न येणारी, विजेच्या तारांखालून जाताना उंच पडणारी गाडी पुरात कशाला? तिथे रबरी बोट आणि ती चालवणारा माणूसच हवा, आणि लष्कराने तेच पाठवले होते.

एक मागणी मांडतो आणि थांबतो. अशी गाडी विकत घेताना ती पाण्यात पोहवून दाखवतात, आणि काठावर उभे असलेले सगळे टाळ्या वाजवतात. मला ती पावसाळ्यानंतरच्या रावीच्या गाळातून बाहेर येताना पाहायची आहे. जादा चिलखत लावलेली, दारूगोळ्याने भरलेली, दहा जवान आत बसलेली. ती काठावर किती वेळात चढली, आत किती पाणी साचले, आणि काठावर आल्यावर मागचे दार उघडून दहावा जवान जमिनीवर यायला किती सेकंद लागले, हे तिन्ही आकडे निविदेतच लेखी मागावेत.